गार गाठ

थायरॉईडच्या तपासणीसाठी औषधाची सुई टोचून वीस मिनिटं झाली आणि पद्मावतीचा गळा उजळला. शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, बाळगोंडानं, त्या उजेडात पेपर उघडला.

"हलू नगंस. अक्षरं हालत्यात."

"मिटा की तो पेपर. हितं माझा जीव टांगणीला लागलाय."

सगळा गळा उजळला, फक्त डावीकडची बोराएवढी गाठ काळी राहिली. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कॅमेरा खाली आणला, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "गार आहे."

बाळगोंडाला देव पावला. गाठ उष्णतेनंच आलीय, हे त्याचं पहिल्या दिवसापासूनचं मत. दीड महिना त्यानं बायकोला सब्जा, गुलकंद आणि वाळ्याचं पाणी पाजलं होतं, तेही स्वतःच्या हातानं. "बघ, उतरली का न्हाई उष्णता!"

"काका, इथं उलटं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषध ओढून घेते ती गरम गाठ. ती बहुतेक साधीच असते. गारही पुष्कळदा साधीच निघते, पण एखादी कॅन्सरची असू शकते. सुई घालून तपासावी लागेल."

"म्हंजी मीच गार केली."

सब्जानं असं होत नाही, हे बाईंनी दोनदा सांगितलं. पण ऐकतो कोण! त्यानं तळवे घासून गरम केले आणि एक गाठीवर ठेवला. बोटं आत गेली. मग मनगटापर्यंत हात गेला.

"घड्याळ काढून ठेवा," डॉक्टरीणबाई कागदावरून नजर न काढता म्हणाल्या आणि काचेपलीकडं गेल्या.

"दुखतंय का गं?"

"न्हाई. तुमचा हात हाय न्हवं?"

आत माठाच्या तळासारखं गार होतं. कॅमेरा आणखी खाली आला, त्याच्यामागोमाग छत आलं. भिंती बाळगोंडाच्या पाठीला टेकल्या. मागं सरकायला जागा नव्हती, आणि असती तरी तो सरकला नसता. पद्माशिवाय घरी जाऊन करायचं काय? त्यानं खांद्यापर्यंत हात घातला आणि चाचपडू लागला.

आत कुणीतरी त्याचा हात धरला.

"घावलं काय?" पद्मानं विचारलं. "चांगलं हाय का वाईट?"

पकड मऊ होती, पण सुटत नव्हती. त्यानंही बोटं आवळली.

"सोडू नगा," पद्माचा आवाज आतून आला. या वेळी तिचे ओठ मिटलेले होते.