शुगर लँडची काशाची गाय

मित्रांनो, मी एक जुनी गाय आहे. पण दूध देत नाही, चारा खात नाही. फार वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका शिल्पकाराने मला ब्राँझमध्ये, म्हणजे आपल्या काशाच्याच जातीच्या धातूत ओतलं. पायाशी वासरू दिलं. त्या काळी मोठे कलावंत देव घडवत, राजे घडवत. हा मात्र गुरांच्या बाजारात जाऊन बसे. लोक हसत, "जनावरांचा कुंभार!" तो आपला गुरं न्याहाळत राही. शेवटी मला तापवून, रसायनाचे हात देत देत त्याने माझ्या अंगावर तपकिरी रंग चढवला. तीच माझी कातडी.

पुढे समुद्र ओलांडून टेक्सासला आले. एका बाईंच्या दिवाणखान्यात आयुष्य गेलं. पाहुणे म्हणत, "ब्यूटिफुल!" आणि जेवायला जात. हात कुणी लावत नसे.

बाई वारल्या, घरातलं सामान विक्रीला निघालं, आणि तिथल्याच शुगर लँड गावच्या उत्तराकाकूंनी मला विकत घेतलं. वसुबारस तोंडावर आली होती. काकूंचा त्या दिवशी उपास; पण पूजेला वासराची गाय इथे आणायची कुठून?

काकूंचे यजमान दिगंबरकाका म्हणाले, "बरं झालं हीच मिळाली. खरी आणली असतीस तर सोसायटीवाल्यांनी नोटीस लावली असती."

"तुम्ही थट्टाच करा!"

वसुबारसेच्या सकाळी काकूंनी पूजेची भांडी चिंचेने लख्ख केली, आणि मग मला मांडीवर घेतलं. केवढी ऊब होती! "किती गं काळवंडलीस बाई," म्हणत त्यांनी माझ्या कानाला चिंच चोळली. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. कातडी जात होती, आणि तरी तो हात दूर होऊ नये असं वाटत होतं.

समोर ठेवलेल्या फोनवर सनीव्हेलला राहणारी लेक मोना व्हिडिओतून बघत होती. "मॉम, स्टॉप! दॅट्स नॉट डर्ट!"

"अगं, चिंचेनं काय होतंय?"

"तो कलर त्या आर्टिस्टने केलाय. इट वोन्ट कम बॅक!"

काकूंचा हात थांबला. माझा एक कान पिवळाधमक झाला होता. त्यांनी मला घाईने धुतलं, टिपलं, आणि स्वतःचे कान धरले. संध्याकाळी कुंकूसुद्धा लावलं नाही, लांबूनच ओवाळलं. दुसऱ्या दिवशी मला उंच फळीवर ठेवून दिलं.

काकू रोज देवांना न्हाऊ घालतात, पुसतात, गंध लावतात, त्यांच्याशी हळू आवाजात बोलतात. मला खालूनच नमस्कार करतात. कानाचं मला एवढं दुःख नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू घासायच्या आधी तिला रंग कुणी दिला ते जरूर विचारा. पण विचारून झालं की भिऊन लांब बसू नका. जुन्या पातळाचा मऊ, कोरडा तुकडा घ्या, आणि जवळ या.