भावोजींच्या माइकमधला मी

आमच्या बँडच्या आजवरच्या कॉन्सर्ट्समधली निवडक गाणी एका लाइव्ह अल्बममध्ये काढायची, हा बेत इतकी वर्षं रखडला होता की कव्हरसाठी काढलेल्या पहिल्या फोटोत आमच्या गायकाला स्वतःचे केस होते. दुसऱ्या फोटोत विकतचे होते. तिसऱ्या फोटोच्या वेळी त्यांनी टोपी घातली आणि मला फोटोबाहेर काढलं.

गायक म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. मी ड्रमर, बँडमध्ये मला ठोक्या म्हणतात. मला बँडमधूनही काढलं, तेही अगदी घरच्यासारखं, ताईकडे जेवताना. "ठोक्या, तू आता जरा आराम कर," भावोजी म्हणाले. ताईने माझ्याकडे न बघता मीठ पुढे सरकवलं. जखम तयारच होती.

मी आराम करू लागलो. मग एके दिवशी रेकॉर्डिस्टचा फोन आला.

"दादा, अल्बम निघतोय एकदाचा. पण तुमचे ड्रम्स काढून टाकायला सांगितलेत. नवा ड्रमर सगळं पुन्हा वाजवणार. म्हणजे कव्हरवर तुमचं नाव नको."

मला त्या अल्बमकडून एवढंच हवं होतं, कव्हरवर नाव. सगळं तारुण्य त्या ड्रम्सवर बडवलं होतं. माझं डोकं तापलं. मग एक गोष्ट आठवली आणि मी शांतपणे चहा टाकला.

भावोजींना सूर आहे, तालाशी मात्र त्यांचं बोलणं नाही. ओळ कुठे उचलायची, हे त्यांना कधीच कळलं नाही. म्हणून ते स्टेजवर माझ्या ड्रम्सना पाठ टेकून उभे राहत. लोकांना तो रुबाब वाटे. प्रत्येक ओळीआधी मी एक दणका देई आणि त्याच्या आडून ओरडे, "घे!" त्यांचं लग्न झाल्यावर नात्याचा मान राखून, "घ्या, भावोजी!" दणक्याखाली ते कुणाला ऐकू जात नसे. आता दणकाच काढायचा म्हणत होते. काढा म्हटलं.

पुढच्याच आठवड्यात पुन्हा फोन.

"दादा, तुम्ही त्यांच्या माइकमध्ये आहात."

"कुठे कुठे?"

"ओळीओळीला. ते 'एकटाच मी' असं रडवेलं गातात, आणि त्याच्या आधी कुणीतरी खणखणीत 'घ्या, भावोजी!' म्हणतं."

"मग पुसून टाक."

"पुसलं की त्यांचा पहिला शब्दही जातो."

"अरेरे," मी म्हणालो. इतक्या मनापासून 'अरेरे' मी जन्मात म्हटलेलं नाही.

मग ठरलं की भावोजींनीच स्टुडिओत पुन्हा गायचं. दुपारी ताईचा फोन.

"अरे, तुझे भावोजी काचेमागे नुसते उभे आहेत. संगीत येतं, निघून जातं. हे तोंड उघडतात आणि मिटतात. नव्या ड्रमरने मान हलवून पाहिली, हात हलवून पाहिले. ये ना जरा."

गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सूड घ्यायला जाताना माणसाने नीटनेटकं असावं.

रेकॉर्डिस्टशेजारची खुर्ची मला दिली. काचेपलीकडे टोपीखाली भावोजींचे डोळे माझ्यावर लागलेले. संगीत सुरू झालं. जागा आली. मी बिस्किट चहात बुडवलं. जागा गेली. पुन्हा लावलं. पुन्हा जागा आली. मी दुसरं बिस्किट घेतलं. नवा ड्रमर भिंतीकडे तोंड करून हसू दाबत होता.

शेवटी भावोजी माइकमध्येच कळवळले, "ठोक्या, सांग ना रे!"

मी काचेपलीकडे बोलायचं बटण दाबून म्हणालो, "भावोजी, मी आराम करतोय."

त्यांनी टोपी काढली. लग्नात सासऱ्यांसमोरही ते इतके वाकले नव्हते.

"तुझे ड्रम्स ठेवतो. नाव घालतो."

"तुमच्या नावाएवढ्याच अक्षरात?"

ते ताईकडे बघू लागले. ताईने या वेळी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"तेवढ्याच अक्षरात," ते म्हणाले.

अल्बम निघाला. माझे दणके जिथल्या तिथे आहेत, नाव कव्हरवर आहे. मी आणखी एकच अट घातली होती. शेवटच्या गाण्यानंतर, "ठोक्या, सांग ना रे!" "भावोजी, मी आराम करतोय," हे संभाषण जसंच्या तसं आहे. लाइव्ह अल्बम म्हणून रेकॉर्डिस्टने त्यावर टाळ्या लावल्या. टाळ्या भावोजींच्याच एका जुन्या कॉन्सर्टमधल्या आहेत. भरपूर आहेत.