दोन मिनिटांची वाळू

मित्रांनो, मी एक जुनं वाळूचं घड्याळ आहे. उंची वीतभर, कंबर सुईएवढी, आणि तोरा विचाराल तर छपराला टेकणारा! का नसावा? देशाचे कायदे जिथे होतात त्या सभागृहात, थेट सभापतींसमोरच्या टेबलावर मी एक्केचाळीस वर्षं काढली. मोठमोठे मंत्री माझ्यासाठी धावत सुटायचे. खोटं वाटतंय? थांबा, सगळं सांगतो. सांगितल्याशिवाय मलाच चैन पडणार नाही.

माझा जन्म एका काचवाल्याच्या भट्टीवर झाला. त्याने फुंकून फुंकून माझे दोन फुगे केले आणि त्याच्या बायकोने वाळू सात वेळा फडक्यातून चाळली. मागणी होती बरोबर दोन मिनिटांची. पहिल्यांदा मोजलं तर तीन सेकंद जास्त भरली. "तीन सेकंदांनी काय आभाळ कोसळतंय?" काचवाला म्हणाला. "अहो, तीन सेकंदांत माणूस दाराच्या आत येतो नाहीतर बाहेर राहतो," असं म्हणून तिने चिमूटभर वाळू काढून घेतली. मग माझं तोंड कायमचं बंद केलं. तोंड बंद केलं म्हणून काय झालं, गप्प बसणाऱ्यांतला मी नव्हे!

काम माझं असं. सभागृहात मतदान पुकारलं की इमारतभर घंटा घणघणायची आणि टेबलावरचा कारकून मला उलटं करायचा. माझी वाळू पडेपर्यंत सभासदांनी आत यायचं. कुणी वाचनालयात असायचं, कुणी चहा पीत, कुणी जिन्यात गप्पा छाटत. मग जी पळापळ व्हायची म्हणता! एकदा एक आजोबा सभासद डाव्या पायातली चप्पल जिन्यातच टाकून आले आणि तसेच मत देऊन ऐटीत परत गेले. शेवटचा कण पडला की दारवान कुलूप लावायचा. मग बाहेर पंतप्रधान असोत की कालच निवडून आलेला नवखा, त्यांचं मत धरलं जायचं नाही. तो दारवान इतका काटेकोर, की सगळे त्याला कुलूपकाकाच म्हणायचे. आमची जोडी म्हणजे काय सांगू! मी इशारा द्यायचा आणि त्यांनी किल्ली फिरवायची.

पण सगळे दिवस सारखे नसतात. बाकांवर बटणं आली, भिंतीवर आकडे झळकायला लागले, सभागृहच नव्या इमारतीत गेलं. मला कापसात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि अंगावर क्रमांक चिकटवला, चारशे बारा. शेजारी एक तुटकी दौत होती. बारा वर्षांत ती एक शब्द बोलली नाही. माझ्यासारख्या बडबड्याचे काय हाल झाले असतील, तुम्हीच विचार करा.

तिथून मला बाहेर काढलं ते ताईने. ताई तिथल्या जुन्या कागदपत्रांच्या विभागात नोकरीला होती. तीन वर्षं ती साहेबांच्या खनपटीला बसली होती. "साहेब, ही इमारत लोकांची आहे. मुलांना जुन्या सभागृहात येऊ द्या. मतदान कसं व्हायचं ते वाचून नाही, करून कळू द्या." साहेब म्हणजे सगळ्या जुन्या वस्तूंचे रखवालदार. त्यांचं उत्तर ठरलेलं, "मुलं आली की हात आले, आणि हात आले की फुटलीच काच." पण ताईही चिवट. शेवटी साहेब म्हणाले, "एक शाळा, एक सकाळ. नीट पार पडलं तर मुलांना दर आठवड्याला बोलवा. काही गडबड झाली, तर सगळं कुलपात आणि तुम्ही परत फायलींत."

आणि मित्रांनो, ती सकाळ उजाडली! एकतीस मुलं आली, पहिलीपासून सातवीपर्यंतची. कुलूपकाकांना खास घरून बोलावलं होतं. केस पिकलेले, पण किल्ली हातात येताच पाठ ताठ! मागच्या बाकावर साहेब परवानगीचा कागद घेऊन बसले. मला तर नुसतं उधाण आलं होतं.

ताईने मतदानाला प्रश्न घेतला तोही मुलांच्या जिव्हाळ्याचा: मधल्या सुट्टीत शाळेचं मोठं मैदान फक्त मोठ्या वर्गांचं, की आळीपाळीने सगळ्यांचं? झालं! नुसता कल्ला. सातवीची एक उंच मुलगी, सगळे तिला कप्तान म्हणत, ती बाकावरून म्हणाली, "बारक्यांना चेंडूसुद्धा नीट मारता येत नाही. त्यांना कशाला मैदान?"

"खेळायलाच दिलं नाही तर मारता कसा येणार गं?" पहिलीतली एक चिमुरडी फणकारली. बारकी म्हणे, पण तिखट!

"आधी घड्याळ तर बघा," ताई म्हणाली आणि तिने मला उलटं करून वाळू कशी पडते ते दाखवलं. मुलं माना वाकवून बघायला लागली. मग तिने सगळ्यांना बाहेर पिटाळलं, कुणाला जिन्यात, कुणाला वाचनालयात, बारक्यांना पार तसबिरींच्या लांबलचक ओवरीत. मुलं जागेवर पोचेपर्यंत तिने मला आणखी एकदा उलटून पाहिलं, तेवढ्यात घंटा वाजली. ताईने मला पुन्हा उलटं केलं.

आणि इथेच घोटाळा झाला! अहो, वरची वाळू अजून पुरती उतरली नव्हती. खाली आली होती ती तेवढीच आता वर गेली, जेमतेम चाळीस सेकंदांची! मी मनातल्या मनात ओरडत होतो, ताई, थांब, थांब! पण काचेचं तोंड. वाळू संपली. कुलूपकाकांचा नियम एकच, त्यांनी दार लावलं. तेवढ्यात बाहेरून धाडधाड दार वाजायला लागलं. "आम्ही आलोय! उघडा ना!"

बाहेर पाच जण राहिले होते, पाचही पहिलीतले. आत मोजणी झाली. मैदान मोठ्यांचंच म्हणणारे चौदा, सगळ्यांचं म्हणणारे बारा. कप्तानच्या बाजूने एकच जल्लोष. मागे साहेब चक्क हसत होते. "छान! काचही शाबूत," म्हणत त्यांनी पेन उघडलं.

कुलूपकाका मात्र हळूच ताईजवळ आले. "पोरी, उलटं करायच्या आधी वरची वाळू पूर्ण उतरली होती का गं?"

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. तिने माझ्याकडे पाहिलं, साहेबांच्या पेनाकडे पाहिलं. आता एक सही, की तीन वर्षांच्या खटपटीचं चीज होणार. कुणाला काही कळलं नव्हतं. बाहेरची धडधड आता मंद झाली होती, एक मूल मुसमुसत होतं.

"साहेब, थांबा," ताई म्हणाली. "माझी चूक झाली. मी घड्याळ घाईत उलटं केलं. दोन मिनिटं मिळालीच नाहीत. हे मतदान मोडायला हवं."

"अहो ताई, हे काय! आम्ही जिंकलोय!" कप्तान ओरडली.

"जिंकलात. पण ती पाच जणं उशिरा आली नाहीत बाळा, मी दार लवकर लावायला लावलं."

साहेबांनी पेन बंद केलं आणि ते उठले. मी म्हटलं, संपलं! आता पुन्हा ती मुकी दौत! पण साहेब दाराशी गेले, त्यांनी ते उघडायला लावलं आणि त्या पाच रडव्या चेहऱ्यांकडे बघत म्हणाले, "चला, तुमच्याबरोबर मीच ओवरीत येतो. बघू दोन मिनिटं पुरतात का."

या वेळी ताईने माझा शेवटचा कण उतरेपर्यंत वाट पाहिली. घंटा! मी उलटा! आणि काय सांगू मित्रांनो, आयुष्यात इतक्या मजेत मी कधी पडलो नव्हतो. जिन्यातले आले, वाचनालयातले आले, आणि अगदी शेवटी धापा टाकत साहेब, दोन्ही हातांना दोन बारकी, पुढे तिघं! आठ-दहा कण उरले होते. कुलूपकाकांनी किल्ली फिरवली.

मोजणी झाली. मोठ्यांचं म्हणणारे चौदा, सगळ्यांचं म्हणणारे सतरा.

कप्तानचे डोळे भरून आले. मग ती उठून त्या चिमुरडीपुढे उभी राहिली. "सोमवारी मैदानावर या. पण चेंडू मारायला मी शिकवणार, कळलं?"

साहेब अजून धापाच टाकत होते. ताई चाचरत म्हणाली, "साहेब, मी फायली बघायला कधीपासून..."

"फायली कसल्या? पुढची शाळा कधी येतेय ते सांगा," साहेब म्हणाले. "पळायचे बूट घालून येईन म्हणतो."

तेव्हापासून माझं हे नवं आयुष्य सुरू आहे. शेकडो हात मला उलटं करतात आणि मी अजून फुटलेलो नाही. मित्रांनो, माझी काच जपा, धूळ पुसा, आवडेल मला. पण एवढंच केलंत तर मी नुसता शोभेचा राहीन. ज्या कुठल्या दाराची किल्ली उद्या तुमच्या हाती येईल, ती फिरवण्याआधी क्षणभर थांबा, आणि बाहेर कुणाची पावलं वाजताहेत का, ते ऐका.