उलट्या बाणाचा टायर

उस्तादांच्या टायरच्या दुकानावर पाटी होती: 'इथून गेलेलं काम परत येत नाही.' बायको म्हणायची, ही पाटी स्मशानाला जास्त शोभेल. तीस वर्षांत 'माझं चुकलं' हे दोन शब्द उस्तादांनी दुकानात उच्चारले नव्हते. घरी तर त्याचा प्रश्नच नव्हता.

त्या सकाळी दुकानासमोर लाल स्पोर्ट्स कार आली. आली म्हणजे ट्रकवर चढवून आणली गेली. मालक दातांचे डॉक्टर. ताशी तीनशे किलोमीटर पळणाऱ्या या गाडीचा पुढचा डावा टायर त्यांनी स्वतःच्याच घराच्या फाटकातून बाहेर पडताना कठड्याला घासून फाडला होता. "फाटक अरुंद आहे," ते म्हणाले. फाटकाला बोलता येत नव्हतं, म्हणून निभावलं. नवा टायर त्यांनी मागवून आणला होता, आणि सोबत साडूंनाही आणलं होतं. ही गाडी त्यांनी निम्मी चालवायला घेतली होती आणि निम्मी साडूंना दाखवायला.

शेजारचा कुलूपवाला आणि समोरची शिंपीणबाई कामं टाकून बघायला आली. अशा वेळी उस्तादांच्या अंगात येतं. गाडी इतकी बुटकी की जॅक खाली जाईना. त्यांनी चाकांखाली फळ्या घालून गाडी त्यांवर चढवली आणि मग जॅक सरकवला. रिमवर ओरखडा उठला तर डॉक्टर भूल न देता दाढ काढतील, असा त्यांचा चेहरा होता. म्हणून मशीनच्या जबड्यांना फडकी गुंडाळली. हवेचा दाब मोजणारा नाजूक सेन्सर सांभाळला. साबणाचं पाणी फासून टायर बसवला, चाकाचा तोल साधला, आणि समोरासमोरचे नट आकड्यांच्या पान्याने नेमक्या जोराने आवळले. शिंपीणबाईने टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या.

सगळं बघितलं, बाण तेवढा बघितला नाही. अशा वेगवान गाड्यांचे टायर एकाच दिशेने फिरायला केलेले असतात. ती दिशा सांगणारा बारीकसा बाण टायरच्या अंगावर असतो, काळ्यावर काळा. उस्तादांना जवळचं नीट दिसेनासं होऊन चार वर्षं झाली होती. पण चष्मा लावला तर गिऱ्हाईक म्हणेल, उस्ताद म्हातारे झाले. म्हणून चष्मा गल्ल्यात पडून होता.

गाडी गेल्यावर गल्ल्यावर बसलेली बायको मोबाइलवर काढलेला फोटो बघत होती.

"अहो, या बाणाचं तोंड मागे का आहे?"

"फोटोत उलटं दिसतं."

"मग आपली पाटी सरळ कशी दिसतेय?"

उस्ताद स्टुलावर बसले. कोरड्या रस्त्यावर काही झालं नसतं. पण पाऊस असता आणि वेग असता, तर त्या टायरने पाणी बाजूला फेकलं नसतं, आणि गाडी साबणाच्या वडीसारखी घसरली असती. हे ठाऊक होतं फक्त नवराबायकोला. मूग गिळून बसावं, असं त्यांना वाटलं. खोटं कशाला सांगा, चांगलं पाच मिनिटं वाटलं. पण तीनशेचा आकडा डोळ्यांसमोरून हलेना. डॉक्टर फोन उचलेनात, तेव्हा त्यांनी स्कूटरला लाथ मारली.

तीनशेने पळणारी गाडी त्यांना पाऊण किलोमीटरवर सापडली. वाटेत गतिरोधक होता. गाडीचं पोट घासू नये म्हणून डॉक्टर ती तिरकी तिरकी खेकड्याच्या चालीने चढवत होते, आणि साडू रस्त्यावर उकिडवे बसून "येऊ द्या, येऊ द्या... थांबा!" करत होते. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला होता.

"डॉक्टर, गाडी परत घ्या. टायर उलटा बसलाय."

"शक्यच नाही!" डॉक्टर काच खाली करून म्हणाले. ते नुकतेच साडूंना सांगत होते, की नवा टायर पडल्यापासून गाडी कशी लोण्यासारखी चाललीय. "तुमचं काम परत येत नाही, उस्ताद. पाटीच आहे तशी."

"पाटी राहू द्या. बाण उलटा आहे."

"शर्यतीच्या गाड्यांना असाच लावतात," डॉक्टरांनी साडूंना समजावलं. "मुद्दाम."

आता बघा, पळवाट आयती समोर आली होती. मान डोलावली की काम झालं. ज्या फुशारकीवर तीस वर्षं छाती फुगवली, तीच आता गिऱ्हाईक त्यांच्या वतीने मारत होतं, आणि ती इतकी पोकळ वाजते हे उस्तादांना पहिल्यांदा ऐकू आलं.

"डॉक्टर," ते मोठ्याने म्हणाले, "माझं चुकलं."

साडूंनी वाकून डावीकडचा बाण पाहिला, वळसा घालून उजवीकडचा पाहिला. "एक पुढे निघालाय, एक घरी परत चाललाय," ते म्हणाले.

डॉक्टर गाडीच्याच रंगाचे झाले. "मला जाणवलंच होतं काहीतरी," ते पुटपुटले.

दुकानात उस्तादांनी सगळ्यांदेखत चष्मा लावला, टायर काढून फिरवला आणि बाण दोनदा बोटाने चाचपून पाहिला. कुलूपवाला हसला. ते उस्तादांनी पचवलं. मनातून त्यांना हलकंच वाटत होतं. नाक कापलं गेलं, पण माणूस वाचला. झालं ते झालं, एकदाच झालं.

डॉक्टर गाडीत जाऊन बसले. साडू मागे रेंगाळले.

"कबूल करायला छाती लागते हो," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "एक विचारू? डॉक्टरांना मीच तुमच्याकडे पाठवलं. दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीचे चारही टायर तुम्ही बसवलेत. रोज पोरींना घेऊन हायवेने जातो मी. त्यांना पण बाण असतो का?"

उस्तादांना ती गाडी आठवेना. ती ट्रकवरून आली नव्हती, लाल नव्हती, ती बघायला कुणी जमलं नव्हतं.

"काही टायरना असतो," ते म्हणाले. "आत्ता घेऊन या. आणि हळू या."

साडू गेले. उस्ताद वळले, तर बायकोने पावतीपुस्तकांचा गठ्ठा आधीच टेबलावर काढून ठेवला होता. प्रत्येक पावतीवर गिऱ्हाइकाचा फोन नंबर होता.

"कधीपासूनचे काढू?" तिने विचारलं.

"चार वर्षांपासूनचे."

तिने सगळ्यात जुनं पुस्तक उघडलं आणि पहिला नंबर वाचून दाखवला. उस्तादांनी तो लावला. बराच वेळ घंटी वाजली, कुणी उचललं नाही. त्यांनी पुन्हा लावला.