गाळून दिलेला घास

ठकूसारखं शहाणं बाळ अख्ख्या इमारतीत नव्हतं. नऊ महिन्यांची झाली, पण रडणं नाही, रांगून पसारा घालणं नाही. ठेवलं तिथं बसून राहायची. येणारे-जाणारे आजीचं कौतुक करत. कौतुकाला आपण सगळेच भुलतो, मग आजीनं का भुलू नये?

ठकूचे आईवडील दोघंही शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. भरवण्याचं खातं आजीकडे. ती भात, डाळ, गाजर असं सगळं मऊ शिजवायची आणि दुहेरी मलमलीतून गाळायची. वाटीत उतरायचं ते पाणी, चोथा कचऱ्यात. ती मलमल ठकूचा बापच कापून, कडा दुमडून द्यायचा.

“आई, थोडं घट्ट देऊन बघू या का?” सुनेनं एकदा विचारलं.

“तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलंय,” आजी म्हणाली. विषय तिथंच मिटला.

एका दुपारी काम कमी होतं, म्हणून ठकूचा बाप उरलेल्या कापडाचा तिला फ्रॉक शिवायला बसला. अंदाजासाठी त्यानं सहाव्या महिन्यात शिवलेला फ्रॉक तिला घालून पाहिला. तो अगदी बरोबर बसला. वाढत्या अंगासाठी ठेवलेली दुमड उसवायचीही गरज नव्हती. त्यानं टेप लावला, पुन्हा लावला, आणि त्याचा चेहरा उतरला.

“अख्ख्या वस्तीची मापं घेतो मी,” तो बायकोला म्हणाला, “आणि घरातलंच माप घ्यायचं राहिलं.”

दुकान बंद करून सगळे दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी ठकूचं वजन केलं, पापणी खाली ओढून पाहिली आणि काय भरवता ते विचारलं.

“ही शहाणी नाही, अशक्त आहे,” त्या म्हणाल्या. “पाण्यानं पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही.”

आजी खुर्चीवर बसली. “म्हणजे मी माझ्या नातीला उपाशी ठेवलं?”

मग ती मुलाकडे बघत खालच्या आवाजात म्हणाली, “याच्या आधी मला एक मुलगी होती. आजारानं गेली असं मी सांगत आले. ती आजारी नव्हती. घास अडकला तिच्या घशात. मी दाराशी बोलत उभी होते.”

मुलगा आईकडे बघतच राहिला. इतकी वर्षं तिनं हे एकटीनं सोसलं होतं!

डॉक्टरबाईंनी आपली खुर्ची पुढे ओढली. “आजी, तुमची भीती खरी आहे. पण ती ठकूच्या वाटीत नको. कडक तुकडे, गोल दाणे द्यायचे नाहीत. कुस्करून द्या, पण चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट. ताठ बसवा आणि भरवताना समोरून हलू नका. ती तोंड वाकडं करेल, तिला ओकारीची उबळ येईल. शिकताना तसं होतंच.”

दुसऱ्या दिवशी सुनेनं मशिन थांबवलं आणि ती जवळ येऊन बसली. आजीनं स्वतः बटाटा आणि डाळ कुस्करली, चमचा भरला, ठकूच्या ओठांपर्यंत नेला. हात पुढे जाईना. शेवटी तिनं चमचा सुनेच्या हातात दिला.

“तू भरव. आणि मला रडू आलं तरी थांबू नकोस.”

ठकूला उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं घास गिळला. मग पुन्हा तोंड उघडलं. आजी खरंच रडत होती. सून थांबली नाही.

वाचकहो, आपल्याही घरात कोणाची तरी जुनी भीती मायेपोटी लेकरांच्या वाटीत वाढली जात असेल. त्या माणसाला हसू नका, त्याच्यावर ओरडू नका, काय झालं होतं ते विचारा. पण उशीर करू नका. सहा महिन्यांनंतर बाळाला दुधाबरोबर खरं अन्न लागतं, आणि ते मागायला त्याला अजून बोलता येत नाही.