पिछाडी सोबत

बुटांच्या दुकानदाराने आधी माझ्या पायांकडे पाहिले, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे, आणि विचारले, "मॅडम, चालणार कुठे आहात?"

"डोंगरात. चार दिवस."

"आणि बूट कुणासाठी?"

प्रश्न त्याच्या धंद्यातला होता. भेट म्हणून बूट नेणारी माणसे त्याच्याकडे बरीच येत असावीत.

"माझ्याचसाठी."

"मग एक नंबर मोठा घ्या. उतारावर बोटं पुढं सरकतात. आणि नखं कापून जा, नाहीतर परत आल्यावर शिव्या मला खाव्या लागतील."

हे सारे माझ्या धाकट्या भावाने मला वर्षानुवर्षे, जेवताना, कोणी विचारलेले नसताना सांगितले होते. नवे बूट महिनाभर घरात घालून मऊ करावेत. पायमोजे दोन घालावेत, आतला पातळ, बाहेरचा जाड. पाठपिशवीतले जड सामान पाठीला चिकटून ठेवावे. पाणी तहान लागण्याआधी प्यावे. मी पानातून डोके वर न काढता "हं" म्हणत असे. त्याला जाऊन दोन वर्षे झाली होती, आणि त्याचा शब्दन् शब्द मला पाठ होता.

तयारी मी विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या जिन्यात केली. पाठपिशवीत शब्दकोशाचे खंड भरून रोज तळापासून गच्चीपर्यंत चढायचे आणि उतरायचे. दर आठवड्याला एक खंड वाढवायचा. शिपाई दारात उभा राहून पाहत असे. "बाई, ग्रंथालय हलवायचं ठरलं असेल तर सांगा, टेम्पो बोलावतो," तो एकदा म्हणाला. जिना अरुंद आणि दगडी आहे. माझे पाऊल वरच्या पायरीवर पडले की खालच्या वळणावर आणखी एक पडे, आणि मी थांबले की ते किंचित उशिरा थांबे. अशा जिन्यात आवाज परततो. कारण मला ठाऊक होते. कारण ठाऊक झाले म्हणून आवाज थांबला, असे मात्र घडले नाही.

माझा भाऊ एका पदभ्रमण मंडळात होता. तेथे त्याला सगळे 'शेपूट' म्हणत, कारण तो नेहमी ओळीच्या शेवटी चाले. शेवटी चालणाऱ्याला मंडळाच्या भाषेत पिछाडी म्हणतात. त्याचे काम सोपे आणि मान नसलेले: कोणी मागे राहू नये एवढे पाहायचे. धुके असले, वाट अरुंद असली, की पुढचा म्होरक्या थांबून हाक देतो, "पिछाडी?" प्रत्येक जण ती हाक आपल्या मागच्याला देतो. ती शेवटच्या माणसापर्यंत पोहोचली की तो म्हणतो, "सोबत!" आणि मग ते उत्तर तसेच तोंडातोंडी पुढे जाते. ते म्होरक्याला मिळाले की ओळ पुढे निघते. न मिळाले तर सगळ्यांनी मागे फिरायचे. नियम इतका चोख आहे की तो मोडायला फक्त एका माणसाचा थकवा पुरतो.

दोन वर्षांपूर्वी, डोंगराच्या धारेवर, धुक्यात, खिंडीतून वर येताना माझ्या भावाची नडगी मोडली. वारा समोरून होता. त्याचे ओरडणे उलट दिशेने वाहून गेले असावे. खिंडीच्या पुढच्या थांब्यावर म्होरक्याने हाक दिली. हाक मागे गेली. उत्तर आले, "सोबत!" आणि ओळ निघून गेली. मुक्कामाच्या झोपडीत सूपचा एक पेला उरला, तेव्हा मंडळाच्या लक्षात आले. दुसऱ्या सकाळी तो खिंडीत सापडला, खडकाला पाठ लावून बसलेला.

शोकसभेत मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "आपला शेपूट डोंगराच्या कुशीत विसावला." अध्यक्ष व्यवसायाने दंतवैद्य आहेत, दुखणार नाही असे सांगण्याची त्यांना सवय आहे. माझा भाऊ विसावला नव्हता. तो रात्रभर गारठून मेला. अलंकारांचा उपयोग काय, हे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवले. ते कशावर पांघरूण घालायला कामी येतात, हे त्या सभेत शिकले.

मग मी एकेकाला भेटले. प्रत्येकाने तेच सांगितले: "मी फक्त मागून आलेलं पुढं दिलं." कोण कोणाच्या पुढे चालत होते, हे मात्र कोणालाच आठवत नव्हते. धुके होते ना.

माझा व्यवसाय जुन्या पोथ्यांच्या नकला ताडून पाहण्याचा आहे. प्रत्येक नकलकार शेवटी लिहितो की, जसे पाहिले तसे उतरवले. दहा नकलांत एकच चूक आढळली, तर ती दहा जणांची नसते. एकाने केलेली असते आणि नऊ जणांनी इमानेइतबारे पुढे नेलेली असते. त्या नऊ जणांवर माझा राग नव्हता, किंवा होता तो बेताचा होता. मला तो एक हवा होता. ज्याच्यापाशी उत्तर आले नव्हते आणि तरीही ज्याने ते दिले, तो.

म्हणून मंडळाने माझ्या भावाच्या नावाने त्याच वाटेवर स्मृती-पदभ्रमण जाहीर केले, तेव्हा मी कळवले की मीही येते.

पहाटे पायथ्याशी सगळे जमले. प्रत्येकाच्या छातीवर माझ्या भावाचा चेहरा छापलेला होता; सदरे मंडळातल्या शिंपीणबाईंनी शिवले होते. "उन्हात फिका पडला हो जरा," त्या माझ्या खांद्यावर सदरा लावून पाहत म्हणाल्या, "पण हसतोय छान."

"बाई, तुम्ही पुढे, माझ्याबरोबर," दंतवैद्य म्हणाले. "पाहुण्या आहात."

"मी पिछाडीला चालेन."

"अहो, पण..."

"चालू द्या की त्यांना," शिंपीणबाई म्हणाल्या. "डॉक्टर, तुमच्या मागे चाललं की दर चढावर दाढांवर व्याख्यान ऐकावं लागतं. त्या शहाण्या आहेत."

सगळे हसले. एक उंच, वाकलेले गृहस्थ मात्र हसले नाहीत. ते निवृत्त वकील होते. "मी बाईंच्या पुढे राहतो," ते हळूच म्हणाले. "मी नेहमी पिछाडीच्या पुढेच असतो."

पहिल्या दिवशी मला आनंद झाला. हे मान्य करणे जड जाते, पण झाला. बूट पायांना मानवले होते, पिशवी पाठीवर नीट बसली होती, आणि काही वेळाने शरीराने सगळा कारभार माझ्याकडून काढून घेतला. गवतात ओल होती. दूरवर एकामागे एक डोंगर फिके होत गेले होते. दुपारी मी एका धोंड्यावर बसून सफरचंद खाल्ले. इतके चांगले सफरचंद मी जन्मात खाल्ले नव्हते, आणि ते घरून आणलेले, टोपलीतले, साधे सफरचंद होते. माझा भाऊ हेच सांगत असे. तो खरे सांगत होता, याचाही मला राग आला.

दुसऱ्या दिवशी धार सुरू झाली आणि धुके उतरले. खिंडीत मंडळाने एक पाटी लावली होती. तिच्यावरही तो विसावला होता. सगळे मिनिटभर मान खाली घालून उभे राहिले. मग कोणीतरी फोटो काढला. दंतवैद्यांनी नाक पुसले, ते खरोखर रडत होते, आणि ओळ निघाली.

खिंडीवरची वाट एका माणसापुरती आहे. वकिलांची निळी पाठपिशवी थोडा वेळ दिसली, मग करडी झाली, मग नाहीशी झाली. माझ्या बुटांखाली खडी वाजत होती. माझ्यामागेही वाजत होती. येथे जिना नव्हता, भिंती नव्हत्या. आवाज परतावा असे काहीच नव्हते.

मग पुढून हाक आली. दंतवैद्यांचा भरदार आवाज, त्यामागे शिंपीणबाईंचा बारीक, मध्ये आणखी दोन, आणि शेवटी अगदी जवळून, धुक्यातून, वकिलांचा:

"पिछाडी?"

मी उत्तर दिले नाही. याचसाठी मी आले होते. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले.

वारा वाहिला. मग वकिलांचा आवाज आला, स्वच्छ आणि शांत:

"सोबत!"

उत्तर पुढे गेले. आवाजामागून आवाज, लहान लहान होत गेले. बूट वाजू लागले, आणि मग वाजेनासे झाले. मंडळ मला सोडून गेले होते, आणि मी सोबत असल्याची त्याची खात्री होती.

मला तो एक सापडला होता. आनंद होईल असे वाटले होते, झाला नाही. त्याऐवजी कळले की आपण नेमक्या त्याच जागी उभ्या आहोत जेथे माझा भाऊ होता, आणि ते असे असते. इतके शांत. माझ्या पाठीमागे खडी एकदा करकरली आणि थांबली. मी वळून पाहिले नाही. पाहिले असते तर तेथे काही दिसले नसते, आणि ते मला सोसले नसते.

पुढच्या खडकाच्या आडोशाला ते सगळे चहा पीत बसले होते.

"आलात?" शिंपीणबाईंनी पेला पुढे केला. "घ्या, निवायला लागला."

"मघाशी मी उत्तर दिलं नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?" दंतवैद्यांनी विचारले.

"हाक माझ्यापर्यंत आली. मी गप्प राहिले. मुद्दाम. आणि तुम्ही सगळे निघून आलात."

"अहो बाई, डोंगरात असले खेळ करायचे नसतात! जिवाशी गाठ असते!"

"अगदी खरं. मग दोन वर्षांपूर्वी तो खेळ कुणी केला?"

हळूहळू सगळे वकिलांकडे पाहू लागले. मागच्या दोन वर्षांत त्यांतल्या कोणीही तिकडे पाहण्याची तसदी घेतली नव्हती.

"पण उत्तर आलं," ते म्हणाले. "मी ऐकलं."

"माझा आवाज?"

"नाही. त्याचा." त्यांनी ओठ ओले केले. "त्या दिवशीही आलं होतं, बाई. मी शपथेवर सांगतो."

"वकीलसाहेब, शपथ घ्यायला लावणं तुमचा धंदा होता. घेणं नव्हे."

त्यांनी ते ऐकले नसावे. "दर वेळी येतं. कोणीही पिछाडीला असो. आधी त्याचं येतं, मग त्या माणसाचं. म्हणून तर मी तिथं चालतो. बाकी कुणाला ऐकू येत नाही."

"अरे देवा," शिंपीणबाई पुटपुटल्या.

खोटे बोलणाऱ्या माणसासाठी मी दोन वर्षे वाक्ये घडवून ठेवली होती. ती चांगली वाक्ये होती. त्यांतले प्रत्येक लागले असते. पण हा माणूस खोटे बोलत नव्हता. त्या दिवशी तो दमला होता, त्याला मुक्काम हवा होता, आणि दमलेला माणूस जे ऐकू इच्छितो ते त्याने ऐकले. ते खरे ठरावे म्हणून मग तो ऐकतच राहिला. इतके साधे, इतके पुरेसे स्पष्टीकरण. माझ्यामागच्या खडीला मात्र ते लागू पडत नव्हते.

"आता पिछाडीला तुम्ही," मी म्हणाले. "मी तुमच्या पुढे चालते."

"बाई, त्यांचं वय..." दंतवैद्य म्हणाले.

"माझ्याएवढंच आहे."

वकील उठले. पेला उपडा करून त्यांनी उरलेले थेंब झटकले, तो पिशवीत ठेवला, आणि सगळे निघाल्यावर माझ्यामागे आले. आता धुके इतके दाट होते की माझे स्वतःचे बूट मला अंदाजानेच दिसत होते. त्यांची पावले ऐकू येत होती. त्यांच्यामागे काय ऐकू येत होते, हे मी ऐकायचे नाही असे ठरवले होते, आणि सारा वेळ तेच ऐकत होते.

हाक आली. दंतवैद्य, शिंपीणबाई, मधले दोघे. मी वळून उभी राहिले. वकील माझ्यापासून हातभर अंतरावर होते.

"पिछाडी?" मी विचारले.

त्यांनी तोंड उघडले. 'सोबत' एवढेच म्हणायचे होते. ते सोबत होतेच, मला दिसत होते. पण त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि खिंडीच्या दिशेने, कोणी नसलेल्या वाटेवर, म्हाताऱ्या छातीत होता नव्हता तेवढा श्वास एकवटून हाक दिली:

"पिछाडी?"

दोन वर्षे उशिरा का होईना, प्रश्न शेवटपर्यंत गेला.

आम्ही दोघेही कान देऊन उभे राहिलो. वारा होता. वाऱ्यात पुष्कळ काही ऐकता येते. मला वाटले, आणखी थोडे थांबले तर मलाही येईल, आणि तेवढ्याने माझे समाधान होईल, आणि मी आयुष्यभर या माणसाच्या शेजारी चालत राहीन.

"बाई!" पुढून शिंपीणबाईंनी आवाज दिला. "काय सांगू डॉक्टरांना?"

उत्तर पुढे देण्याची जबाबदारी आता माझी होती, आणि मला नेमके काय ऐकू आले ते मला ठाऊक होते.

"उत्तर नाही!" मी ओरडले.

मागून आलेले पुढे गेले. शिंपीणबाईंचा आवाज कापत म्हणाला, उत्तर नाही. पुढच्याने म्हटले, त्याच्या पुढच्याने म्हटले. सर्वांत शेवटी, फार दुरून, दंतवैद्यांनी ते स्वतःशीच उच्चारल्यासारखे ऐकू आले. मग काही क्षण सगळे थांबले. आणि मग धुक्यात बूट वाजू लागले, जवळ जवळ येणारे, घाईचे, घसरणारे. नियमाप्रमाणे सगळे मागे फिरले होते.

दंतवैद्य धापा टाकत आले. छातीवरचा चेहरा घामाने भिजला होता. "कोण राहिलं?" त्यांनी विचारले. "बाई, कोण राहिलं मागे?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिले, वकिलांच्या पाठीकडे, आणि त्यांचा प्रश्न त्यांच्याच तोंडावर विरला.

वकील पाठमोरेच होते. त्यांनी मागे न पाहता एक हात वर केला, गप्प बसा म्हणावे तसा.

"थांबा," ते म्हणाले. "पाय मोडलाय त्याचा. वेळ लागेल."

आणि मंडळ थांबले.