खोटी फुली

मी लोरेटा क्विम्बीच्या डाव्या पायातला बूट बोलतोय. उजवा कालच गेला, तेव्हा दोघांच्या वतीने मलाच बोलणं भाग आहे.

डेटनच्या एका म्हाताऱ्या मोच्याने आम्हाला शिवलं. लोरेटाने पहिल्यांदा आमच्या नाड्या आवळल्या, तेव्हा तिला वाटलं, या करमणुकीच्या कुस्तीचा निकाल आधीच ठरतो, म्हणजे मारही लुटुपुटीचाच असणार. रिंगमध्ये पाठ आपटल्यावर कळलं की कापडाखाली फळ्या असतात. लुटुपुटीचा असतो तो फक्त राग.

पुढे ओहायोतल्या गावोगावच्या शाळांचे हॉल आम्ही पालथे घातले. प्रेक्षकांसमोर जी मार्गो लोरेटाला झिंज्या धरून फरफटवायची, तीच पडद्यामागे तिच्या गुडघ्याला बर्फ बांधायची.

"सटवे, जरा हळू ओढत जा की."

"तू जरा हलकी हो, मग ओढते हळू."

अशा त्या जिवाभावाच्या वैरिणी.

या लटक्या धंद्यात एकच खूण खरी होती. कुणाला खरोखर लागलं, की पंच डोक्यावर दोन्ही हातांची फुली करायचा. मग खेळ थांबायचा, डॉक्टर धावायचा. ती फुली नाटकात वापरायची नाही, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. पण सगळे पाळायचे.

मालक हँक प्रुइटने मात्र ती विकायला काढली. वसंतातल्या एका खेळात त्याने पंच ओटिसला खोटी फुली करायला लावली. डॉक्टर धावला, लोक हळहळले, आणि 'जखमी' मार्गो ताडकन उठून जिंकली.

"मालक, ही खूण तेवढी सोडा," ओटिस नंतर म्हणाला.

"अरे, लोक खुर्च्यांवर चढले होते. तू पगार पंचाचा घेतोस की पाद्र्याचा?"

त्यानंतर गावोगाव तोच खेळ झाला. चामड्याच्या बुटालाही लाज वाटावी, पण त्या माणसाला वाटली नाही.

काल चिलिकॉथीत लोरेटाने वरच्या दोरावरून उडी घेतली. उजवा पाय दुमडला. हाड मोडल्याचा आवाज मी शेजारून ऐकला. ओटिसने फुली केली. लोक हसून शिट्ट्या मारू लागले. डॉक्टर पॉपकॉर्न खात बसून राहिला. मार्गोलाही वाटलं, मालकाने ऐन वेळी बेत बदलला असेल. तिने तोच पाय धरून पिरगळला.

लोरेटा किंचाळली, तेव्हा मार्गोने तिचा चेहरा पाहिला. पाय सोडून ती रिंगबाहेर धावली आणि डॉक्टरला कॉलर धरून ओढत घेऊन आली.

इस्पितळात पाय इतका सुजला होता की नर्सने माझ्या भावाला कात्रीने उभा चिरला. हाडांच्या डॉक्टरने बजावलं, "पाय नीट बरा होईल. पण पुन्हा असा पडलात, तर चालणं विसरा."

आज सकाळी हँक डोनटचा खोका घेऊन आला. आमच्यात कुस्ती सोडणारा माणूस रिंगच्या मधोमध बूट काढून ठेवतो आणि अनवाणी निघून जातो. हँकला तेवढंच हवं होतं.

"ख्रिसमसच्या खेळाला चाकाच्या खुर्चीतून ये, पोरी. हा एकच बूट मधोमध ठेव. एकच असला की लोक जास्त रडतील. आणि उन्हाळ्यात परत उतर."

"मी सोडतेय, हँक. कायमची."

"वा! अगदी अस्संच म्हणायचं तिथे. आवाज जरासा कापू दे."

या माणसाला खरं कळण्याचं इंद्रियच उरलं नव्हतं. मार्गो खिडकीशी उभी होती. तिने पुढे होऊन डोनटचा खोका हँकच्या हातात परत दिला आणि दार उघडून धरलं.

तो गेल्यावर लोरेटाने मला मांडीवर घेतलं. एकेका भोकातून माझी नाडी ओढून काढली आणि मार्गोच्या हाती दिली.

"तुझ्या बुटाला होईल. हा बूट रिंगमध्ये जाणार नाही."

"आणि तू?"

"मी चालायला शिकते."

नाडीवाचून बूट कुणाच्या पायात टिकत नाही, हे मला ठाऊक आहे. माझी तक्रार नाही. मागणं एवढंच, की पुढच्या वेळी ओटिसच्या हातांची फुली होईल, तेव्हा कुणीतरी धावा.